कंठाची राखण

जर्मनीचा सम्राट तिसरा फ्रेडरिक अवघे ९९ दिवस राज्य करून १८८८ साली स्वरयंत्राच्या कर्करोगाने मरण पावला. आदल्या वर्षी त्याच्या घशातून काढलेले तुकडे रुडॉल्फ फिर्खो यांच्यासारख्या विख्यात विकृतिशास्त्रज्ञाने तपासले होते. त्यांत कर्करोग आढळला नव्हता. वरचा तुकडा निर्दोष निघाला म्हणून आतला रोग नाहीसा होत नाही, हा त्या शोकांतिकेचा धडा आजही जुना झालेला नाही.

बिलरोथ यांनी १८७३ साली व्हिएन्नात कर्करोगग्रस्त स्वरयंत्र समूळ काढून टाकले. पुढे या शस्त्रक्रियेने अनेकांचे प्राण वाचले, पण वाणी गेली. आता प्राथमिक अवस्थेतील गाठ तोंडावाटे, सूक्ष्मदर्शकाखाली, लेसर किरणांनी काढता येते. गळ्यावर छेद नाही. रोगी स्वतःच्या आवाजात बोलत घरी परततो आणि घरच्यांना वाटते, संकट टळले! खरा धोका या निश्चिंतीतच आहे.

लेसरची जखम सहसा शिवीत नाहीत. ती आपोआप भरून येते. तेथे सूज येते, मांसांकुर वाढतात, व्रण राहतो. या आवरणाखाली रोगाने पुन्हा मूळ धरले, तर घशात उतरविलेल्या दुर्बिणीला केवळ पृष्ठभाग दिसतो. येथे एमआरआय उपयोगी पडते. जुना व्रण तिच्या विशिष्ट चित्रांत काळसर दिसतो, सूज उजळ दिसते आणि गाठ या दोहोंच्या मधल्या छटेची असते. शिवाय दाटीने वाढलेल्या पेशींत पाण्याच्या रेणूंची हालचाल कोंडते, हेही हे यंत्र टिपते. त्यात क्ष-किरणांचा मारा नसल्याने तपासणी पुनःपुन्हा करता येते. अर्थात हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. रोग्याने आवंढा गिळला तरी चित्र पुसट होते, ताजी जखम फसविते आणि अखेरचा निर्णय तुकड्याच्या तपासणीनेच होतो. म्हणूनच जखम भरल्यावर एक चित्र घेऊन ठेवावे आणि पुढची चित्रे त्याच्याशी ताडून पाहावीत, हा मार्ग शहाणपणाचा.

रोग उलटतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. वेळीच सापडला तर पुन्हा लेसर वा किरणोपचार करता येतात. उशीर झाला तर जे स्वरयंत्र एवढ्या कौशल्याने वाचविले, तेच गमवावे लागते. परंतु विदर्भातून वा कोकणातून मुंबईस येणाऱ्या रोग्याला दर खेपेस प्रवासखर्च, बुडालेली मजुरी आणि यंत्रापुढची रांग सोसावी लागते. त्याने फेरी चुकविली तर दोष केवळ त्याचा म्हणता येईल काय? शस्त्रक्रियेच्या खर्चाची तरतूद करताना पुढील तपासण्यांचा खर्चही त्याच हिशेबात धरला पाहिजे आणि त्या तपासण्या रोग्याच्या जिल्ह्यातच झाल्या पाहिजेत. तंबाखू सोडणे हे रोग्याचे कर्तव्य. वाचविलेल्या कंठाची राखण करणे हे समाजाचे!