टॉवर गेला, फोन उरला

मोटोरोलाचा डायनाटॅक ८०००एक्स हातात घेतला की आधी मनगटाला कळतं. वजन जवळजवळ ८०० ग्रॅम, वर रबरी आवरणाचा जाडजूड अँटेना आणि आकडे दाखवणारी लाल दिव्यांची छोटी पट्टी. १० तास चार्ज करायचा आणि अर्धा तास बोलायचं. स्मृतीत ३० नंबर राहत. या फोनची किंमत होती ३,९९५ डॉलर. आज तो काचेच्या कपाटात दिसतो तेव्हा लोक आकार पाहून हसतात. मला मात्र तो पाहताना वाटतं, की आपण अर्धंच यंत्र पाहतो आहोत. उरलेलं अर्धं यंत्र कधीच या कवचात नव्हतं. ते शहरातल्या टॉवरांवर होतं आणि ते आता काढून टाकलेलं आहे.

अ‍ॅनालॉग मोबाइल जमवणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे. जुनं घड्याळ किल्ली दिली की टिकटिकतं, जुना रेडिओ एखादं तरी स्टेशन पकडतो. अमेरिकेतल्या कंपन्यांवर अ‍ॅनालॉग सेवा चालू ठेवण्याचं जे बंधन होतं, ते मात्र १८ फेब्रुवारी २००८ रोजी संपलं. त्यानंतर असा फोन चालू केला तर दिवे लागतात, आकडे उमटतात आणि सेवा नसल्याची खूण तशीच राहते. साद घालायला यंत्र तयार असतं, ओ देणारं कोणी नसतं.

ही सेवा चालायची कशी, हे कळल्याशिवाय या वस्तूंची किंमत कळत नाही. शहराचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला स्वतःचा कमी ताकदीचा टॉवर द्यायचा आणि एका भागातल्या लहरी पुरेशा अंतरावरच्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरायच्या, ही कल्पना बेल लॅब्जच्या डी. एच. रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्येच टिपणात मांडली होती. ती प्रत्यक्षात यायला साडेतीन दशकं गेली. १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत अमेरिकेतली पहिली व्यावसायिक सेवा सुरू झाली. त्या पद्धतीत सुरुवातीला ६६६ चॅनेल होते, प्रत्येक ३० किलोहर्ट्झचा. तुम्ही बोलत असाल तोवर एक चॅनेल सर्वस्वी तुमचा. गप्प बसलात तरी तुमचाच.

आवाज एफएम रेडिओसारखाच लहरींवर स्वार होऊन जायचा. त्याच्याबरोबर कानाला न कळणारा एक बारीक सूर सतत वाजत असे, ६,००० हर्ट्झच्या आसपासचा. टॉवर तो पाठवी आणि फोन तोच परत करी. सूर परत येतो आहे म्हणजे माणूस अजून जोडलेला आहे, अशी ती खूणगाठ. गाडी एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरली की आवाज क्षणभर दाबून त्या फटीत नव्या चॅनेलचा हुकूम पाठवला जाई. बोलणाऱ्याला नुसती एक टिचकी ऐकू येई. आणि रेंज कमी होऊ लागली की आवाज तुटत नसे, खरखरीत हळूहळू बुडत जाई. पार बुडेपर्यंत शब्द ओळखता येत. डिजिटल फोनवर आवाज असतो किंवा नसतो. पलीकडचं माणूस दूर जाताना ऐकू येणं त्या अ‍ॅनालॉग खरखरीबरोबर गेलं.

अर्थात उघड्या एफएमवरचं बोलणं कोणीही साध्या रेडिओ स्कॅनरवर ऐकू शके. फोनचा ओळख क्रमांकही उघडाच प्रवास करी. चोर तो पकडून दुसऱ्या फोनात घालत आणि बिल भलत्याच माणसाच्या घरी जाई. या पद्धतीला निरोप देण्यामागे अपुऱ्या चॅनेलांइतकंच हेही कारण होतं.

संग्राहकांच्या मांडणीत डायनाटॅकला मानाचं स्थान मिळतं ते मोटोरोलाचे अभियंते मार्टिन कूपर यांच्यामुळे. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहून त्यांनी नमुन्याच्या फोनवरून बेल लॅब्जमधल्या जोएल एंगेल या प्रतिस्पर्ध्यालाच फोन लावला होता. पण या एका फोनभोवतीच थांबणं मला पटत नाही. नोकियाच्या घराण्यातला मोबिरा सेनेटर पाहा. १९८२ चा, जवळजवळ १० किलोचा, मोटारीत बसवायचा. अवघ्या पाच वर्षांत त्याच घराण्याने ८०० ग्रॅमच्या आतला सिटीमन ९०० आणला. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचं त्यावर बोलतानाचं छायाचित्र गाजलं आणि फिनलंडमध्ये त्या फोनला ‘गोर्बा’ हे नाव पडलं. किंवा १९९४ चा आयबीएम सायमन घ्या. स्पर्शाने चालणारा पडदा, कॅलेंडर, फॅक्स, ईमेल, सगळं एकाच हँडसेटमध्ये, आणि आवाज जातो तो त्याच अ‍ॅनालॉग चॅनेलवरून. स्मार्टफोनचा हा पूर्वज खरखरीच्या काळातला आहे.

आपल्याकडे हे फोन का दिसत नाहीत? भारताने ही पायरी गाळली. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, तो डिजिटल जीएसएम पद्धतीवर. त्याच वर्षी मुंबईत सेवा आली, तीही जीएसएमच. ‘आमच्याकडे सुरुवातीपासूनचा फोन आहे’ असं कोणी मुंबई-पुण्यात म्हणतं, तेव्हा तो बहुधा डिजिटलच असतो.

या संग्रहाचा खरा शत्रू फोनच्या आतच बसलेला असतो. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या की गळतात. त्यातलं क्षारद्रव्य तांब्याच्या पट्ट्यांवर चढतं, पांढरट-हिरवा थर धरतो आणि सर्किट खाऊन टाकतो. बाहेरून नवाकोरा दिसणारा फोन आतून संपलेला असू शकतो. जाणते लोक बॅटरीचं कवच जपून उघडतात, आतले सेल बदलतात आणि कवच मूळचंच ठेवतात. काही जण आतलं सगळं काढून त्या जागी आजच्या फोनचे भाग बसवतात. मला ही मोडतोड वाटते. मग हातात नुसतं प्लास्टिक उरतं.

त्यापेक्षा मोलाचं काम ऑस्मोकॉम-अ‍ॅनालॉग या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने केलं आहे. संगणक आणि सॉफ्टवेअरवर चालणारा एक छोटा रेडिओ जोडून तो टेबलावरच टॉवर उभा करतो. अमेरिकेची एएमपीएस, ब्रिटनची टीएसीएस, उत्तर युरोपची एनएमटी, जर्मनीची सी-नेट्झ, या साऱ्या बंद पडलेल्या पद्धतींची भाषा तो बोलतो. त्या लहरींवर आज दुसऱ्या सेवा असल्याने हा प्रयोग धातूच्या बंद डब्यात किंवा थेट केबल जोडून करावा लागतो. पण तो जमला की वर्षानुवर्षं मुका असलेला फोन नोंदणी करतो, सूर परत पाठवतो आणि वाजतो. हरवलेलं अर्धं यंत्र असं परत मिळतं.

ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत अमेरिकेत, इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांच्या गॅरेजमध्ये असा एखादा फोन किंवा मोटारीतला संच पडलेला असू शकतो. सापडला तर भंगारात देऊ नका. आधी बॅटरी बाहेर काढून वेगळी ठेवा, गळालेली असेल तर ई-कचरा केंद्रात द्या, कारण कॅडमियम विषारी आहे. चार्जर, माहितीपुस्तिका, जुनं बिल, सगळं फोनसोबतच ठेवा. आणि तो कोणाचा होता, कोणत्या गावी चालायचा, त्याचा नंबर काय होता, हे एका कागदावर लिहून त्याच डब्यात घाला.