प्रूफ सेट: पहिली खरेदी कोणत्या काळातली?

नाण्यांच्या प्रदर्शनात नवा संग्राहक हमखास विचारतो, "पहिला प्रूफ सेट कोणता घेऊ? खिशाला परवडेल असा सांगा." दुकानदार समोर असेल तो सेट दाखवतो. मला विचारलं तर मी आधी थोडा इतिहास सांगतो. या सेटांमधली चांदी गेल्या पाऊणशे वर्षांत कुठून कुठे सरकली, हे कळलं की परवडणारं काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

प्रजासत्ताक भारताची पहिली नाणी 1950 ची. मुंबईच्या फोर्टमधल्या टांकसाळीनं त्यांचे प्रूफ सेटही काढले. पैसा, अर्धा आणा, आणा, दोन आणे, पाव रुपया, अर्धा रुपया आणि रुपया अशी सात नाणी त्यात होती आणि चांदी एकातही नव्हती. बाजारात फिरणारीच ही नाणी, फक्त वेगळ्या हातानं पाडलेली. ठसा घासूनपुसून चकचकीत करायचा, नाण्याची चकतीही निवडून घ्यायची आणि छाप एकापेक्षा जास्त वेळा द्यायची. म्हणून मोकळी जागा आरशासारखी लखलखते आणि उठावाची रेघन् रेघ स्पष्ट उमटते. पुढे 1957 मध्ये दशमान पद्धत आली, नवे पैसे आले, 1960 नंतर त्यांचेही सेट निघाले. हे सगळे सुरुवातीचे सेट आता दुर्मिळ आहेत आणि भावही तसेच आहेत. नव्या माणसानं ते बघावेत, हातात धरावेत, विकत घेण्याची घाई करू नये.

प्रूफ सेटांचं नातं चांदीशी जुळलं ते गांधी शताब्दीच्या निमित्तानं, 1969 मध्ये. वीस पैसे, पन्नास पैसे, रुपया आणि चांदीचं दहा रुपयांचं नाणं अशी ती मालिका. दहाच्या नाण्याचं वजन 15 ग्रॅम, चांदी 80 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी 12 ग्रॅम. नाण्यावर 1869-1948 ही सालं आहेत, 1969 कुठेच नाही, त्यामुळे अजूनही कित्येक जण ते 1948 चं समजून विकतात. साधी गांधी नाणी भरपूर निघाली, प्रूफ त्या मानानं थोडी. साध्या नाण्याला पॉलिश मारून ते प्रूफ म्हणून गळ्यात मारण्याचा प्रकार म्हणूनच सर्रास चालतो. यावर उपाय सोपा आहे. भिंग घ्या आणि सालाजवळची खूण बघा. मुंबईच्या साध्या नाण्यावर बारीक चौकट असते, त्या काळच्या प्रूफवर इंग्रजी 'बी' हे अक्षर. शहराचं नाव बदलल्यावर नव्वदीच्या दशकात त्या 'बी'चा 'एम' झाला. सेटमधल्या प्रत्येक नाण्यावर ती खूण हवी. एकावर चौकट आणि बाकीच्यांवर 'बी' दिसला, तर तो सेट कुणीतरी घरी जुळवलेला आहे.

पुढचं दशक मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या पुढाकारानं जगभर अन्नाच्या विषयावर नाणी निघू लागली आणि भारतानं 1970 पासून त्यात मनापासून भाग घेतला. 'जास्त धान्य पिकवा' असं सांगणारी नाणी 1973 ची. महाराष्ट्र त्या वेळी बहात्तरच्या दुष्काळातून जात होता, माणसं खडी फोडायच्या कामावर होती, मुलांना सुकडी वाटली जात होती. त्याच काळात फोर्टमध्ये हा संदेश चांदीवर उमटत होता. त्या पिढीच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे नाणं नुसतं शोभेचं वाटणार नाही.

आता चांदीकडे लक्ष ठेवा. 1969 मध्ये ती दहाच्या नाण्यात होती. 1972 मध्ये दहाचं नाणं 22.5 ग्रॅमचं झालं, पण चांदी 80 वरून 50 टक्क्यांवर आली. 1973 मध्ये वीस रुपयांचं 30 ग्रॅमचं नाणं आलं, 1974 मध्ये कुटुंबनियोजनाच्या विषयावर पन्नासचं, आणि 1980 पर्यंत चांदी शंभराच्या नाण्यात जाऊन बसली. दहाचं नाणं मात्र 1974 पासून तांबे-निकेलचं झालं, आणि नव्या संग्राहकाचा फायदा नेमका इथे आहे. हे दहाचं नाणं चांगलं मोठं, भारदस्त आहे. महिला वर्ष, बालवर्ष, ग्रामीण स्त्रियांची प्रगती, एशियाड असे विषय त्यावर आले. चांदीचा भाव चढला की विक्रेते सेट फोडतात, चांदीचं नाणं वेगळं काढतात आणि ही दहाची प्रूफ नाणी सुटी, स्वस्तात देऊन टाकतात. पहिली खरेदी इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

नंतरच्या काळात थोरामोठ्यांच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांची संख्या खूप वाढली. मराठी घराला त्यातली आंबेडकर (1990), ज्ञानेश्वर आणि शिवाजी महाराज (1999), तुकाराम (2002), टिळक (2007) ही नाणी जवळची वाटतील. एक-दोन-पाच रुपयांची साधी नाणी यात आहेत, ती आवडीनं जमवावीत. मूळ सेट घ्यायचा असेल तर प्रूफऐवजी यूएनसी सेटही पाहावा. 'यूएनसी' म्हणजे न वापरलेली, साध्या झळाळीची नाणी. चांदी तेवढीच, किंमत सहसा कमी.

2010 पासून 75, 125, 150, 200 असे चलनात कधीच न दिसणारे आकडे नाण्यांवर येऊ लागले. येवल्यात जन्मलेल्या तात्या टोप्यांचं नाणं दोनशे रुपयांचं आहे. यांतली बरीचशी 35 ग्रॅमची, निम्म्या चांदीची. म्हणजे शुद्ध चांदी साडेसतरा ग्रॅम. 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त आलेलं नव्वद रुपयांचं नाणं तर 40 ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध चांदीचं. विक्रेत्यानं भाव सांगितला की त्या दिवशीच्या भावानं नाण्यातल्या शुद्ध चांदीचा हिशेब तिथल्या तिथे करावा. उरलेली रक्कम कारागिरीची, दुर्मिळपणाची आणि खोक्याची. ती पटली तर घ्यावं.

खोक्याबद्दलही सांगायला हवं. जुन्या सेटांची प्लास्टिकची पाकिटं नाण्याला हिरवट चिकटा आणतात आणि आरशासारख्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा एकदा उमटला की कायमचा राहतो. त्यामुळे नाणं कडेनंच धरावं आणि कधीही घासू नये, अगदी रांगोळीनं किंवा टूथपेस्टनं सुद्धा. "खोकं फाटलंय म्हणून स्वस्त देतो" असं कुणी म्हणालं, तर आधी नाणी उजेडात तिरकी धरून बघा. ती स्वच्छ असतील तर फाटक्या खोक्यातला सेट खुशाल घ्या आणि घरी आल्यावर प्रत्येक नाणं वेगळ्या कॅप्सूलमध्ये ठेवा.