देवनागरी आणि तीन यंत्रणा: जुहू-पवईपासूनचा मागोवा

एकच प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवायचा, तर प्रत्येक यंत्रणेचे रिवाज त्याने किती पाळावेत, हा प्रश्न देवनागरीच्या वाट्याला अधिक बिकट होऊन आला. इंग्रजी प्रोग्रॅमपुढे बटणांचा आणि मेन्यूंचा प्रश्न होता. मराठीत अक्षर काढायचे कोणी, इथपासून सुरुवात होती.

नव्वदच्या दशकातील डीटीपी पॅकेजांनी हे काम स्वतःकडेच घेतले. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले जात. पडद्यावर मराठी दिसे, पण विंडोजच्या लेखी तो निरर्थक इंग्रजी मजकूर असे. फॉन्ट बदलला की सारे विस्कटे. शोध आणि अकारविल्हे मांडणी यांचा तर प्रश्नच नव्हता. इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक भारतीय लिप्यांच्या संगणकीय संकेतांसाठीच्या १९९१च्या इस्की मानकात असूनही पॅकेजे आपापली मांडणी चालवत राहिली.

विंडोज २०००मध्ये देवनागरी यंत्रणेतच आली. सोबतचा ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशी यांचा. पवईच्या आयआयटीत शिकवल्यानंतर ते जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत काम करू लागले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. एनसीएसटीच्याच ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्ससाठी देवनागरीची जाण थेट एक्स विंडोमध्ये, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या तळाच्या थरात घातली, म्हणजे वरच्या प्रोग्रॅमना हात लावावा लागू नये. कल्पना शुद्ध होती, वेळ मात्र चुकली. त्याच सुमारास अक्षरे काढण्याचे काम एक्समधून वर सरकून लिनक्सच्या दोन डेस्कटॉपांच्या लायब्रऱ्यांकडे, ग्नोमच्या पँगोकडे आणि केडीईच्या क्यूटीकडे, जात होते.

अनुवादकांपुढे वेगळाच पेच होता. मेन्यूतील अधोरेखित अक्षर ऑल्टसोबत दाबायचे असते. मराठी नावात रोमन अक्षर नाही, म्हणून ‘फाइल’पुढे कंसात ‘एफ’ रोमन लिपीत लिहायची पद्धत पडली. मॅकवर अधोरेखित अक्षरांचा रिवाजच नाही. तोच अनुवाद तिथे जसाच्या तसा नेला, तर कंस उगाच लोंबकळत राहतो. बटणांचेही तसेच: विंडोजमध्ये ‘ठीक आहे’ आधी आणि ‘रद्द करा’ नंतर, मॅकवर क्रम उलटा, आणि २००२च्या ग्नोम २नेही मॅकचीच री ओढली. अनुवाद बिनचूक असला तरी बटणे चुकीच्या क्रमाने लावली, तर सरावाचा हात भलतीकडे जातो.

अक्षरांच्या बाबतीत मात्र वारे उलटे फिरले. लिबरऑफिसने २०१७च्या ५.३ आवृत्तीत तिन्ही यंत्रणांवर अक्षरे जुळवणारे हार्फबझ हे एकच इंजिन घेतले. ‘दऱ्या’मधला र कसा काढायचा, हे आता तिन्हीकडे तेच ठरवते. इथे यंत्रणेचा रिवाज सोडणेच योग्य होते, कारण जोडाक्षर वाचकाचे असते, यंत्रणेचे नव्हे. कळफलकाला हा न्याय लागू नाही. मॅकवर भाषा बदलायची कमांड-स्पेस ही जोडी २००५मध्ये स्पॉटलाइट शोधाकडे गेली; अशी कळ स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पक्की बांधणाऱ्याची थेट यंत्रणेशीच टक्कर होते.