न फिरणारी अँटेना

चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर एके काळी पुष्कळ कौलांवर लोखंडी नळीचे उंच खांब उभे असत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीचा त्याचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे इतक्या उंचीवरून निघालेली लहर सुमारे ७० किलोमीटरपर्यंत सरळ पोहोचते. आपली अँटेना दहा मीटर उंच असल्यास त्यांत तेरांची भर पडते. चिंचणी तर वरळीपासून शंभराच्या जवळपास! येथे येई ती वाकून आलेली क्षीण लहर. ती पकडण्यास अँटेनेचे तोंड दक्षिणेस, किंचित पूर्वेकडे, नेमके लागे.

ही दांड्यांची अँटेना १९२६ साली जपानांतील तोहोकू विद्यापीठाचे उदा व यागी यांनी पुढे आणिली. पुढील आखूड दांड्या लहर गोळा करितात, मागील लांब दांडी तिला परतविते. म्हणून तोंड वळले की चित्र गेलेच. उन्हाळ्यांत समुद्रावर उष्ण हवेचा थर पसरला म्हणजे दूरची केंद्रेही दिसत, आणि मग हौशी मंडळी खांब फिरवू लागत. तो फिरेना की जोर करीत. अनर्थ तेथेच होई.

वस्तुतः प्रथम पाहावे ते हे, की खांब फिरत नाही की केवळ अँटेना? नळी फिरते आणि वरच्या दांड्या तशाच राहतात, तर वरची पकड सैल झाली आहे. तेल व्यर्थ आहे. नळीच हलत नसेल तर ताण-तारा पाहाव्या. त्या नळीसच घट्ट बांधिल्या असतील तर ती फिरणार कशी? त्या नळीभोवतीच्या सुट्या कड्यास बांधावयास हव्या. तिसरे, खाली येणारी केबल नळीस गुंडाळली आहे काय? हे सारे ठीक असेल तरच गंजास दोष द्यावा. खारे वारे बाहेरच्या नळींत आतली नळी अशी बसवितात की जणू डाक दिला आहे. तेथे घासलेट सोडून रात्रभर थांबावे, सकाळी हलकेच ठोकावे, मग दोन्ही दिशांस थोडे थोडे हलवावे. मोठ्या पान्याने एकाच दिशेस पिळल्यास नळी मोडते.

काही हौशी बिनतारी-चालक विजेच्या मोटारीने अँटेना फिरवितात. मोटार गुणगुणते पण वळत नाही, तर यंत्र अडकले आहे किंवा कपॅसिटर गेला आहे; मुळीच शब्द नसेल तर वायर तुटली असावी. उघडण्यापूर्वी वीजपुरवठा तोडावा, हे सांगणे नलगे.

घासलेटाहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. खांब आडवा पडला असता जेथवर पोहोचेल तेथवर विजेची तार असेल, तर त्यास हात लावूच नये, मग चित्र दिसो वा न दिसो. पावसाळ्यांत शेवाळलेल्या कौलांवर चढणे हेही तसेच.

प्रसार भारतीने २०२२ पर्यंत जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे बंद केली. ज्या घरी असा निरुपयोगी खांब राहिला असेल, तेथे तो फिरविण्याऐवजी उतरवावा. उतरविताना ताण-तारा शेवटपर्यंत धरून ठेवणारी तीन माणसे खाली असावीत.