गप्प मुलाची अकरावी

दहावीचा निकाल लागला की जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातली गावोगावची मुलं घराजवळची शाळा सोडतात. साकळी, किनगाव, डांभुर्णीकडची पोरं एसटीचा पास काढून यावलला नाहीतर फैजपूरला अकरावीला येतात, काही थेट भुसावळ-जळगाव गाठतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवरची मुलं आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहतात. गावात सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखतात. इथं मात्र कोण कसा चालतो, कसा बोलतो, एवढ्यावरूनच पहिल्या आठवड्यात त्याची किंमत ठरते. बहुतेकांना ही नवी शाळा मोकळीक देते. पण ज्या मुलाला मुलींऐवजी आपल्यासारख्याच एखाद्या मुलाची ओढ वाटते, त्याला हेच वर्ष सगळ्यात जड जातं. माझं म्हणणं असं की त्याचा जाच त्या ओढीतून येत नाही. तो भोवतीच्या चेष्टेतून आणि मोठ्या माणसांच्या गप्प बसण्यातून येतो, आणि तो सगळ्यात आधी थांबवता येतो त्याच्या शाळेत. न्यायालयानं आपलं काम बरंचसं केलं आहे. पुण्या-मुंबईत जाऊन मोकळं जगता येईल हे खरं, पण तिथं पोचेपर्यंत मुलगा वीस वर्षांचा होतो आणि व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

हा जाच दर वेळी मारहाणीच्या रूपात येत नाही, म्हणून तो मोठ्यांना दिसत नाही. बसमधल्या मागच्या बाकावर हाक मारताना आवाज मुद्दाम बारीक काढला जातो. खेळाच्या तासाला दोन कप्तान आपापले गडी निवडतात आणि एक मुलगा दर वेळी शेवटी उरतो. मधल्या सुटीत मुतारीत टिंगल होते, म्हणून तो सुटीभर पाणी पीत नाही. गॅदरिंगमध्ये त्याच्या नाचाला शिट्ट्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाचावरून ‘बायल्या’, ‘छक्का’ ऐकावं लागतं. सरांच्या कानावर हे जातं. कधी सरही हसतात. तमिळनाडूत युनेस्कोनं लैंगिक अल्पसंख्याक असलेल्या सुमारे चारशे तरुणांशी बोलून एक पाहणी केली होती. त्यात सुमारे ६० टक्के जणांनी माध्यमिक शाळेत शारीरिक छळ झाल्याचं सांगितलं. तक्रार करणारे मात्र फार थोडे निघाले, कारण तक्रार करायची तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागतं. शिवाय नाजूक चालीचा प्रत्येक मुलगा समलैंगिक नसतो आणि समलैंगिक मुलगा नाजूक असतोच असं नाही. क्रिकेटच्या संघातला धिप्पाड पोरगाही समलैंगिक असू शकतो, आणि आपल्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून दुसऱ्याच्या चेष्टेत तोच सगळ्यात मोठ्यानं हसत असतो. मला या दुसऱ्या मुलाची जास्त काळजी वाटते. पहिल्याच्या मदतीला निदान एखादी मैत्रीण तरी धावते. दुसऱ्याचं दुखणं कुणालाच ठाऊक नसतं, आणि आपण करतो आहोत ते वाईट आहे हेही त्याला रोज आतून कळत असतं.

कायदा आणि वैद्यकशास्त्र या मुलाच्या बाजूनं केव्हाच उभे राहिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधला प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. असा मुलगा ‘बरा’ करून देतो म्हणणारे उपचार हा डॉक्टरांसाठी गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं. त्याआधी २०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं गावपातळीवरच्या किशोरवयीन मुलांसाठी ‘साथिया’ नावाचं साहित्य काढलं होतं. या वयात भिन्नलिंगी किंवा समलिंगी व्यक्तीचं आकर्षण वाटू शकतं, मुलानं रडण्यात किंवा त्याला स्वयंपाक आवडण्यात काही गैर नाही, असं त्यात सरळ सांगितलं होतं. म्हणजे सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. पण आरोग्य खात्यानं सांगितलेलं शाळेच्या फाटकाच्या आत पोचलं नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आहे, ‘सामाजिक आरोग्य’ हा ताणतणावावरचा धडा आहे. पहिला बऱ्याच वर्गांत ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला जातो आणि दुसऱ्यात या मुलाच्या ताणाला जागा नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एनसीईआरटीनं तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, पण आक्षेप येताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली गेली. दिल्लीतच ही माघार, तर तालुक्याच्या गावातल्या मुख्याध्यापकानं एकट्यानं धीर कुठून आणायचा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे मोठ्या शहरांचं, परदेशातून आलेलं खूळ आहे, केळीच्या बागांच्या या मुलखात असलं काही नसतं. मराठीचाच इतिहास याच्या उलट साक्ष देतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. त्यात वाचक आपले लैंगिक प्रश्न विचारत, त्यांत समलिंगी संबंधांबद्दलचेही प्रश्न असत. अशाच उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालं पाहिजे, अशी आंबेडकरांची भूमिका होती. खटला ते हरले, पण प्रश्न मराठी माणसांनी मराठीत विचारले होते, ही गोष्ट काही पुसली गेली नाही. पुढे १९८१ मध्ये हाच विषय मांडणारं विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आलं. २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यातले दोन पुरुष एकमेकांच्या जवळ येतात ते गावच्या शिवारातच. खुद्द खानदेशातलं पाहायचं तर जानेवारी २०२१ मध्ये जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकच्या लोकांनी अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराला ग्रामपंचायतीत निवडून दिलं. महिलांच्या जागेवरचा त्यांचा अर्ज आधी फेटाळला गेला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्यांना लढण्याची मुभा दिली. यावल तालुक्याचा काही भाग रावेर विधानसभा मतदारसंघात येतो. तिथं २०२४ मध्ये वंचित बहुजन आघाडीनं शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला उमेदवारी जाहीर केली. समलैंगिक मुलगा आणि तृतीयपंथी व्यक्ती यांची ओळख वेगळी आहे. त्या मुलाला स्वतःचं मुलगा असणं मान्य असतं, फक्त त्याचं मन मुलावर जडतं. हा फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो, म्हणून शिवी ऐकली की तो स्वतःच कोड्यात पडतो. पण भादलीच्या मतदारांनी एवढं दाखवून दिलं की इथली माणसं वेगळ्या माणसाला नाव-गाव-घराणं असलेला शेजारी म्हणून स्वीकारू शकतात. शाळेनं त्यांच्यापेक्षा मागे राहावं, याला काही कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पंधरा-सोळाचं वय कोवळं असतं, मन आज इकडे तर उद्या तिकडे, अशा वेळी हा विषय काढला तर नसलेलं डोक्यात भरेल, असं पालकांना वाटतं. त्यांची काळजी खोटी नाही. काहींची ओढ पुढे बदलेलही. पण बदलणार असेल तरी आज त्याला छळायचा परवाना कुणाला मिळत नाही, आणि बदलणार नसेल तर गप्प बसून ती बदलत नाही. कलम ३७७ दीडशेहून जास्त वर्षं डोक्यावर होतं, तरी समलैंगिक माणसं जन्मतच राहिली. आणि बोलायचं म्हणजे शरीरसंबंधांना मोकळीक द्यायची असंही नाही. पोक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलाशी कुणीही, पुरुष असो की स्त्री, लैंगिक संबंध ठेवणं हा गुन्हा आहे, तो राहिलाच पाहिजे. उलट हा कायदा या मुलाच्या उपयोगी पडावा म्हणूनच बोलायला हवं. शाळेत उत्तर न मिळालेला मुलगा मोबाइलवर शोधतो, तिथं वयानं दुप्पट माणूस गोड बोलून फोटो मागतो आणि मग ‘घरी दाखवीन’ म्हणून पैसे किंवा आणखी काही मागतो. असा मुलगा पोलिसांकडे जात नाही, आईकडेही जात नाही. धमकी देणाऱ्याची सगळी ताकद त्या मुलाच्या भीतीवर उभी असते.

शाळेला यासाठी मोठा निधी लागत नाही. नवे वर्ग भरतात तेव्हाच मुख्याध्यापकांनी जात, रंग, अपंगत्वावरून चिडवण्याच्या यादीत चालण्या-बोलण्यावरून चिडवणंही घालावं, आणि पहिल्याच शिवीला वर्गशिक्षकानं सगळ्यांसमोर हटकावं. प्रजननाचा धडा वर्गातच शिकवावा. वसतिगृहाच्या अधीक्षकानं तर जास्तच जागं राहावं, कारण तिथल्या मुलाला संध्याकाळी घरी पळून जायची सोय नसते. एवढ्यानं काय होईल, असं वाटेल. पण सोळाव्या वर्षी वर्गातलं एक मोठं माणूस आपल्या बाजूचं आहे हे कळणं फार मोठं असतं.

राहिला प्रश्न घरच्यांचा. एखादा मुलगा धीर करून शिक्षकाशी बोलला, तर ते वडिलांना कळवायचं का? पालकांचा हक्क आहे, त्यांच्यापासून काही लपवू नये, असं बरेच शिक्षक मानतात. मला ते पटत नाही. जिथं सोयरिकीची बोलणी नात्यागोत्यात, चार गावांच्या परिघात होतात, तिथं अशी बातमी घराबाहेर जायला एक दिवसही पुरतो आणि त्याचे चटके बहिणीच्या लग्नालाही बसू शकतात. घाबरलेला बाप मुलाला मारेल, भगताकडे नेईल किंवा शाळाच सोडवेल. मुलाच्या जिवाला धोका दिसत असेल तर घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगायलाच हवं. एरवी कुणाला, केव्हा, किती सांगायचं हे त्यानंच ठरवावं. शिक्षकानं त्याचं ऐकून घ्यावं, हा आजार नाही हे सांगावं, १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक द्यावा आणि पुढच्या आठवड्यात त्याची पुन्हा विचारपूस करावी. बारावीनंतर स्वतःच्या पायावर उभा राहिलेला मुलगा आईशी स्वतः बोलला, तर ती ऐकून घेण्याची शक्यता किती तरी जास्त असते.