मंठ्याहून मशीनपर्यंत

1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, तेव्हा कॅन्सर म्हटलं की इथल्या माणसांच्या डोळ्यांसमोर मुंबई यायची. मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठायचं, तिथे गाडी बदलायची आणि मग परळचं टाटा रुग्णालय. 1941 मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयावर साऱ्या देशाचा भार. पुढे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कित्येकांच्या डोक्यावर छप्पर दिलं, पण गावाकडचं शेत, गुरं आणि बुडालेली मजुरी यांना पर्याय नव्हताच.

ऑपरेशन एकदा होऊन जातं, केमोच्या दोन पाळ्यांमध्ये बरेचदा दोन-तीन आठवडे मिळतात. रेडिएशनचं तसं नाही. अनेक कॅन्सरमध्ये आठवड्यातले पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे, रोज काही मिनिटांसाठी मशीनखाली जावं लागतं. मध्ये खंड पडला तर गाठीतल्या पेशींना पुन्हा वाढायला सवड मिळते. अंतर रुग्णाच्या जिवावर उठतं ते इथे.

मशीन गावाजवळ आणायची धडपड देशात झाली, हे आवर्जून सांगायला हवं. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे कोबाल्ट यंत्र 2005 मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात बसलं. लिनॅक या दुसऱ्या प्रकारच्या रेडिएशन यंत्रापेक्षा स्वस्त, विजेची भूक कमी. भारताने ते व्हिएतनामलाही भेट दिलं. मात्र कोबाल्ट-60 ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते, म्हणजे स्रोत बदलायला उशीर झाला की प्रत्येक रुग्ण जास्त वेळ मशीनखाली आणि बाहेरची रांग लांब.

जालन्यासाठी खरा बदल घडला 2012-13 मध्ये. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, 2012 मध्ये शासकीय कॅन्सर रुग्णालय सुरू झालं. नोव्हेंबर 2013 पासून राजीव गांधी जीवनदायी योजना जालन्यालाही लागू झाली आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर उपचार मोफत मिळू लागले. 2025 मध्ये त्याच रुग्णालयात 'ट्रूबीम' हे अद्ययावत रेडिएशन यंत्र आलं. जालना शहरापासून ते साठेक किलोमीटरवर. जिल्ह्यातल्याच मंठा तालुक्यातल्या बाईला मात्र आधी जालना गाठायलाच तेवढं अंतर कापावं लागतं. बिल माफ झालं, रोजचं येणं-जाणं तिच्याच माथी राहिलं.

जगाच्या नकाशावर याहून वाईट जागा आहेत. आफ्रिकेतल्या वीसहून अधिक देशांत एकही रेडिएशन यंत्र नव्हतं, म्हणून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 4 फेब्रुवारी 2022 ला 'रेज ऑफ होप' मोहीम उघडली. दहा लाख लोकांमागे निदान एक यंत्र असावं, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. 2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या होती 19 लाख 59 हजार.

दरम्यान उपचारच आखूड होऊ लागले. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच आठवड्यांचं रेडिएशन तीन आठवड्यांवर आलं. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 'फास्ट-फॉरवर्ड' चाचणीने निवडक रुग्णांसाठी ते एका आठवड्यात, पाच बैठकांत बसवून दाखवलं. मंठा-परतूरच्या बाईला या संशोधनाचं मोल लंडनच्या बाईपेक्षा अधिक आहे. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मात्र बहुतेकदा अजून लांबच पल्ला लागतो.

2024 मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी कॅन्सर डे-केअर केंद्रं जाहीर झाली; तिथे मुख्यतः केमो मिळेल, रेडिएशन नाही. त्याला जाड काँक्रीटचा बंकर लागतो, भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ लागतात. जालन्याच्या नव्या महाविद्यालयाच्या आराखड्यात दोन बंकरांची जागा आताच राखून ठेवायला हवी, आणि तोवर संभाजीनगरच्या रुग्णालयाशेजारी जालन्याच्या रुग्णांना सहा आठवडे टेकता येईल अशी निवासाची सोय.