हिवतापाचं जुनं देणं

मागच्या भागात जंतू आणि औषधं यांच्या झटापटीबद्दल बोललो होतो. आज जंतू आणि आपलं शरीर यांची त्याहून फार जुनी झटापट. आज मी घरी नाही, रायपूरच्या सदर बाजारात उभा आहे. मागे सराफांची दुकानं दिसतायत. मुलीचं लग्न ठरलंय, दागिने घ्यायला आलोय. होणारे व्याही गोंदियाहून निघालेत, आणि त्यांना एक गोष्ट विचारायची आहे. ती कशी विचारावी, हे सकाळपासून सुचत नाहीये.

मी सिकलसेलचा वाहक आहे. हे मला वयाच्या 31 व्या वर्षी कळलं, भलत्याच कारणासाठी रक्त तपासताना. तोवर लग्न होऊन मुलगीही झाली होती. मग बायकोची तपासणी केली. ती वाहक निघाली नाही, हे निव्वळ नशीब. मुलगी मात्र माझ्यासारखीच.

आजोबा विदर्भातून इथं आले, म्हणजे सिकलसेलच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 1958 मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. छत्तीसगडात तो आदिवासींइतकाच साहू, कुर्मी यांसारख्या समाजांतही आढळतो. ‘तो अमक्यांचा आजार’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग हा दोष इथंच इतका का? उत्तर हिवतापात आहे. आपल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं, बदल एवढाच. असा जनुक आई-बाप दोघांकडून आला, तर ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात, रक्त कमी होतं. एकाच पालकाकडून आला, तर माणूस वाहक. तो सहसा माझ्यासारखा धडधाकट असतो.

आणि वाहकाच्या रक्तात हिवतापाच्या परजीवीचे हाल होतात. त्यातल्या घातक जातीचं, फॅल्सिपेरमचं, मी बोलतोय. तो पेशीत शिरला की ती लवकर वाकते, प्लीहा तिला गाळून टाकते. ऑक्सिजन कमी असेल तिथं त्याची वाढही खुंटते. अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतून दाखवलं की जिथं हिवताप जास्त, तिथं हा जनुक जास्त. तिथल्या मुलांच्या अभ्यासांत वाहकांना गंभीर हिवतापाचा धोका सुमारे 90 टक्के कमी आढळतो. म्हणजे डासांनी भरलेल्या गावात वाहक मुलं जास्त जगली, त्यांनाच पुढं मुलं झाली. मघाशी सराफ सांगत होते, निव्वळ 24 कॅरेटचा दागिना टिकत नाही, थोडं तांबं लागतंच. उपमा अर्धीच लागू पडते, पण मला आवडली.

परजीवी काही हातावर हात ठेवून बसला नाही. आपली एक पिढी 25 वर्षांची, तर रक्तात त्याचं एक चक्र 48 तासांचं. आपल्या एका पिढीत त्याची साडेचार हजारांवर चक्रं होतात! 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गांबिया आणि केनियातल्या अभ्यासात फॅल्सिपेरमचे काही असे प्रकार सापडले, जे सिकलसेलचा जनुक असलेल्या मुलांमध्येच जास्त दिसतात. या प्रकारांपुढं वाहकांची ढाल फारशी चालत नाही. आपण कुलूप बदललं, त्यानं किल्ली घासून घेतली.

आता आजचं बघा. रायपूर शहरात हिवतापाचं ते जुनं भय उरलेलं नाही. बस्तरमध्ये अजून आहे, म्हणून 2020 पासून तिथं घरोघरी तपासणीची मोहीम सुरू झाली. हिवताप हटला की ढालीचा उपयोग संपतो, पण तिची किंमत मोजावीच लागते. मग जनुक आपोआप जाईल का? हिशेब मांडा. समजा शंभरात 18 वाहक आहेत, हिवताप शून्य आहे, आणि दोन्हीकडून जनुक आलेल्या एकालाही मूल होत नाही. इतकं निष्ठुर गृहीत धरूनही वाहक जवळपास निम्म्यावर यायला दहा पिढ्या लागतात, म्हणजे अडीचशे वर्षं! कारण बहुतेक जनुक वाहकांतच लपलेले असतात, आणि वाहक तर ठणठणीत असतात.

तेवढं थांबायची गरज नाही. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. प्रत्येक खेपेला, बरं का. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असं मी कितीदा ऐकलंय. एकच जण वाहक असेल, तर हा आजार मुलांत येत नाही. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य होतं. लग्नाआधी कळलं, तर पुढचा विचार दोघांना डोळे उघडे ठेवून करता येतो.

व्याही आले. मंगळसूत्राची वाटी वजनकाट्यावर असतानाच मी बोलून टाकलं. माझं, मुलीचं, सगळं. मुलाची तपासणी केली तर बरं होईल, म्हटलं. ते बराच वेळ काट्याकडं बघत राहिले. सराफही गप्प झाले.

मग त्यांनी विचारलं, “उपाशीपोटी जावं लागतं का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “चहा घेऊन गेलं तरी चालतं.”